दीड फुटाचा आवाज

तेजस्विनीने तो प्रश्न आजवर किती वेळा शिकवला असेल, याची मोजदाद तिने केव्हाच सोडली होती. विहिरीत दगड टाकला. काही वेळाने 'डुबुक' ऐकू आलं. तर पाणी किती खाली आहे? कोथरूडमधल्या एका क्लासात ती अकरावीला फिजिक्स शिकवायची, आणि दरवर्षी निम्मा वर्ग हमखास तीच चूक करायचा. दगड खाली जायला वेळ लागतो आणि आवाज वर यायलाही वेळ लागतो, घड्याळात दिसते ती दोघांची बेरीज, हे त्या पोरांच्या डोक्यात शिरतच नसे. पडण्याच्या सूत्रात सगळाच्या सगळा वेळ कोंबायचा आणि उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळं व्हायचं.

यंदा त्या निम्म्या वर्गात तिची स्वतःची मुलगी होती.

"आई, चार ऑप्शन्स असतात," शेफाली पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाली. "आवाज धरला काय न धरला काय, जवळचा ऑप्शन तोच येतो. उगाच क्वाड्रॅटिक सोडवत कोण बसणार?"

"उत्तर जुळणं आणि गणित बरोबर असणं यात फरक आहे."

"परीक्षेत नाहीये."

"परीक्षेच्या बाहेरही जग आहे, शेफाली."

"बाहेर कोण विहिरीत दगड टाकून बघतं? तू तरी कधी टाकलायस?"

तेजस्विनीने गॅस बंद केला. दगड तिने खरंच कधी टाकला नव्हता. तिचं बालपण खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. तिथे पाणी नळाला यायचं, नाहीतर यायचंच नाही. पण हे कबूल करायचं म्हणजे वाद हरायचा. शेफाली अकरावीत गेल्यापासून घरात एकही वाद कोणी हरत नव्हतं. सगळे नुसते अर्धवट सोडले जात होते.

हाही तसाच राहिला, कारण बेल वाजली. दारात सोसायटीचे चेअरमन संजय उभे होते. आयटी कंपनीत मॅनेजर असलेले संजय सोसायटीही कंपनीसारखीच चालवायचे. म्हणजे मीटिंगा पुष्कळ व्हायच्या.

"मॅडम, तुम्ही फिजिक्सच्या ना?" ते म्हणाले. "एक न्यूट्रल माणूस हवाय. विहिरीचं काम आहे."

तेजस्विनीने वळून पाहिलं. शेफाली पोह्यांच्या डिशमध्ये तोंड घालून हसत होती.

*

आनंदमळा सोसायटी उभी राहण्याआधी तिथे खरोखरच मळा होता, आप्पासाहेबांचा. कोथरूड गाव होतं तेव्हा त्या मळ्यात ऊस आणि भाजीपाला व्हायचा, तो मळ्यातल्या विहिरीवर. पुढे जमीन बिल्डरला गेली आणि आप्पासाहेबांच्या वाट्याला बी विंगमधले फ्लॅट आले. विहीर बुजवायची नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. बिल्डरने ती पाळली, पण बिल्डरच्या पद्धतीने: विहिरीवर सिमेंटचा स्लॅब टाकला, मधे परातीएवढं चौकोनी तोंड ठेवलं, त्यावर लोखंडी झाकण बसवलं आणि कुंड्या मांडून दिल्या. तीस वर्षांत त्या कुंड्यांतली झाडं दोनदा मेली. विहिरीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

यंदा एप्रिलमध्येच टँकर सुरू झाले आणि सोसायटीत दोन तट पडले. एक तट म्हणे, विहिरीत पाणी असणार, स्लॅब फोडा आणि पंप लावा. दुसरा तट म्हणे, विहीर केव्हाच आटलीय, भराव घाला आणि वर चार गाड्यांचं पार्किंग करा. संजय दुसऱ्या तटातले होते. त्यांनी कपडे वाळत घालायची दोरी आणि बादली घेऊन तीनदा खोली मोजली होती आणि तिन्ही वेळा वेगळी उत्तरं आली होती. एकदा दोरी जुन्या पंपाच्या पाइपला गुंडाळली गेली. एकदा बादली कुठल्याशा कपारीत जाऊन बसली. तिन्ही वेळा बादली कोरडीच वर आली. टॉर्च मारला तर पिंपळाची मुळं तेवढी दिसायची, खाली सगळा काळोख.

"कोरडी बादली म्हणजे कोरडी विहीर," संजय म्हणाले. "सरळ आहे. पण म्हातारा ऐकत नाही. म्हणून म्हटलं, एखादी सायंटिफिक टेस्ट करू. तुम्ही दगड टाका. पाण्याचा आवाज आला तर पाणी, नाही आला तर पार्किंग. आणि किती खाली आहे तेही सांगा, म्हणजे मीटिंगमध्ये ठेवता येईल."

तेजस्विनीला नाही म्हणायचं होतं. पण पाठीमागून शेफालीने, अगदी गोड आवाजात, विचारलं, "आई, जायचं ना? परीक्षेच्या बाहेरचं जग?"

*

रविवारी सकाळी विहिरीभोवती निम्मी सोसायटी जमली. ज्यांना पाण्याशी घेणं नव्हतं आणि पार्किंगशीही नव्हतं, तेही चहाचे कप घेऊन आले होते. आप्पासाहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर, पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. शेजारी त्यांची बायको आनंदीबाई. ऐंशीच्या पुढचे आप्पासाहेब ठार बहिरे नव्हते, पण त्या वाटेवर होते. कानातलं यंत्र त्यांना आवडत नसे, म्हणून ते खिशात असे.

तेजस्विनीने बागेतला एक मुठीएवढा दगड निवडला आणि झाकण बाजूला करायला सांगितलं.

"काय टाकताय त्यात?" आप्पासाहेब ओरडले.

"दगड. आवाज ऐकायचाय," तेजस्विनी मोठ्याने म्हणाली.

"धोंडा? माझ्या हिरीत धोंडा टाकणार? साती आसरा हायेत खाली! त्यांच्या टाळक्यात धोंडा घालता व्हय?"

सात जलदेवता विहिरीत राहतात आणि त्यांचा अपमान झाला की पाणी रुसतं, हे तेजस्विनीने आजीकडून ऐकलं होतं. फिजिक्समध्ये त्यासाठी कुठलंच पद नव्हतं. तिने मदतीसाठी आनंदीबाईंकडे पाहिलं.

"त्यांना ऐकू येत नाही," आनंदीबाई शांतपणे म्हणाल्या, "आणि आलं तरी ते ऐकत नाहीत. तुम्ही नारळ टाका बाई. नारळ चालतो."

"नारळ?"

"ओटीचा नारळ विहिरीत सोडतातच की. तोही पडतोच."

पडतो हे खरं होतं. तेजस्विनीने कपाळाला हात लावला. कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ आले. आनंदीबाईंनी पहिल्याला हळदकुंकू लावलं. तेजस्विनीने सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. तिच्या हातात फोनवरचं स्टॉपवॉच. आणि मग तिला दिसलं, सगळ्यांच्याच हातात स्टॉपवॉच होतं.

"तीन, दोन, एक," म्हणून तिने नारळ सोडला.

त्याच क्षणी गेटवर डिलिव्हरीवाल्याने हॉर्न वाजवला. कोणालाच काही ऐकू आलं नाही. संजय म्हणाले, "बघा, आवाज नाही."

"हॉर्न वाजला, संजय."

"हॉर्नच्या आड पाण्याचा आवाज आला असता तर मला ऐकू आला असता."

दुसरा नारळ. या वेळी वॉचमनला गेटवर उभं केलं होतं. नारळ गेला आणि पाइपवर आपटला, 'ठण्ण!' मग कुठेतरी अस्पष्ट काहीतरी. "आला!" "कुठे आला? तो पाइपचा होता!" "पाइपनंतरचा म्हणतोय मी!" "अहो, तुम्ही बोलत होतात तेव्हाच आला!" एवढ्यात आप्पासाहेबांनी विचारलं, "टाकला का?"

तिसऱ्या नारळाच्या वेळी तेजस्विनीने हात लांब करून, विहिरीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून, पाइपपासून दूर सोडला. मुलं गप्प. मोठी माणसं गप्प. आणि खरोखर, खालून एक जाड, भरलेला आवाज आला. डुबुक. आप्पासाहेबांव्यतिरिक्त सगळ्यांनी ऐकला. पाणी होतं! पहिल्या तटाने टाळ्या वाजवल्या.

तेजस्विनीला क्षणभर बरं वाटलं. मग तिने प्रत्येकाला त्याचा वेळ विचारला.

तिच्या फोनवर एक पॉइंट सहा सेकंद होते. संजयच्या फोनवर एक पॉइंट नऊ. सी विंगच्या एका काकांकडे एक पॉइंट तीन. कोणीतरी सव्वादोन म्हणालं, पण त्याने स्टॉपवॉच उशिरा बंद केलं होतं हे त्याने स्वतःच मान्य केलं. एवढ्या फरकात पाणी सत्तावीस फुटांवर होतं किंवा अठ्ठावन्न फुटांवर होतं.

"सायन्स आहे की ज्योतिष?" संजय म्हणाले.

शेफाली झाकणाजवळ उकिडवी बसली होती. "आणि आई यातूनसुद्धा आवाजाचा वेळ वजा करायला लावणार," ती म्हणाली. हसू पिकलं. तेजस्विनी हसली नाही. मुलीने चारचौघांत आपल्याला पोतेऱ्यासारखं पिळलं, असं वाटून तिला मनापासून राग आला, आणि मुलीचं म्हणणं खरं असल्याने तो काढताही येईना.

*

घरी आल्यावर तिने भाजी जरा जोरात चिरली, एवढंच. शेफाली थोडा वेळ दारात घुटमळली, आणि मग ओट्याला टेकून उभी राहिली.

"चिडलीस?"

"मी का चिडू? तू बरोबरच बोललीस."

"मी गंमत केली."

"गंमत नव्हती. स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याची चूक आवाजाच्या वेळापेक्षा कितीतरी मोठी आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं. वीस वर्षं फळ्यावर विहिरी खणतेय मी, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की ते घड्याळ कोणाच्या हातात असतं."

शेफालीला आई इतक्या सरळपणे हरलेली पाहायची सवय नव्हती. तिने गाजराचा तुकडा उचलला, खाल्ला नाही.

"मी काढलं होतं," ती म्हणाली. "तिथे बसल्या बसल्या. पाण्यावर आपटताना नारळाचा वेग सेकंदाला पंधरा मीटर वगैरे असतो. अंगठा पाव सेकंद चुकला, की जवळजवळ चार मीटर गेले. आवाज धरला नाही तर फार तर अर्धा मीटर."

"बरोबर."

"मग अंगठाच नको. फोनवर रेकॉर्ड करू. रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचा आलेख दिसतो, पार शंभराव्या हिश्शापर्यंत वेळ मोजता येतो. फक्त नारळ कधी सुटला त्याचा आवाज नाही येत."

तेजस्विनीची सुरी थांबली. "फुगा," ती म्हणाली.

"काय?"

"नारळ फुग्याला टांगायचा. फुगा फोडायचा. फट् झालं की सुटला. पहिला आवाज फुग्याचा, दुसरा पाण्याचा."

शेफालीने तिच्याकडे पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा ती आईकडे टीचर म्हणून न बघता बघत होती. "हे भारी आहे," ती म्हणाली. मग लगेच, सवयीने, "नारळाचं वजन फुग्याला पेलेल?"

"जाड फुगा आणू. आणि लहान नारळ."

"आणि नारळाला हवा अडवते ती?"

"ती सोडून देऊ."

"वा! म्हणजे तू सोडलेलं चालतं!"

"शेफाली, गाजर खा."

*

पुढच्या रविवारी गर्दी वाढली होती. फुगे येणार म्हटल्यावर लहान मुलंही आली, आणि फुगे मिळेनात म्हणून रडू लागली. तेजस्विनीने त्यांना लांब नेऊन बसवायला लावलं. संजयनी विचारलं की हे सगळं वाढदिवसासारखं का दिसतंय. आप्पासाहेबांनी विचारलं की आज काय, धोंडा तर नाही ना.

शेफालीने फोन स्लॅबवर, तोंडाच्या अगदी काठाला ठेवला. तेजस्विनीने काठीच्या टोकाला फुगा, फुग्याच्या गाठीला दोरा, दोऱ्याला शेंडीचा लहानसा नारळ, अशी सगळी लोंबती वरात तोंडावर आणून धरली. पंधरा-वीस माणसं श्वास रोखून उभी होती आणि मधूनच कोणीतरी खोकत होतं.

"खोकून घ्या सगळ्यांनी," ती म्हणाली. "आत्ता घ्या. नंतर नाही."

दोघातिघांनी खरंच खोकून घेतलं. मग शांतता झाली. शेफालीने सुई टोचली. फट्! नारळ दिसेनासा झाला. आणि खालून, डुबुक.

पहिल्या खेपेचं रेकॉर्डिंग एका काकांच्या "आला!"मुळे वाया गेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेचं नीट आलं. दोन्हींत फट् आणि डुबुकमधलं अंतर एक पॉइंट पाच सहा सेकंद निघालं, एका शंभरांशाचाही फरक नाही. तेजस्विनीने कागद घेतला, पण शेफाली आधीच फोनवर आकडे टाकत होती.

"नुसतं पडण्याचं सूत्र लावलं तर एकोणचाळीस फूट," ती म्हणाली. मग थांबली. ओठ चावला. "पण आता अंगठ्याची चूक नाहीये. म्हणजे आता आवाजाचा वेळ धरावाच लागेल."

एक शब्दही बोलायचा नाही असं तिने ठरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तिला जमलं.

शेफालीने स्लॅबवर बसूनच क्वाड्रॅटिक सोडवलं. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो, हे तिने आईला न विचारता धरलं. "साडेसदतीस," ती म्हणाली. "दीड फुटाचा फरक पडतो."

"दीड फुटासाठी एवढं?" संजय म्हणाले. "असो. पाणी साडेसदतीस फुटांवर. छान. मग पाणी किती आहे?"

"साडेसदतीस फुटांवर आहे," तेजस्विनी म्हणाली.

"हो, पण किती आहे?"

"किती म्हणजे?"

"अहो, म्हणजे पाणी किती फूट आहे? दोन फूट आहे की वीस फूट? पंप लावायचा तर तेच महत्त्वाचं ना?"

तेजस्विनीला आधी त्यांचा प्रश्नच कळला नाही, आणि मग कळला. नारळ पाण्यावर आपटला तेव्हा आवाज झाला. पाणी कुठे सुरू होतं ते त्या आवाजाने सांगितलं. ते कुठे संपतं, हे कुठलाही नारळ सांगू शकत नव्हता.

"ते यातून कळत नाही," ती म्हणाली.

"कळत नाही?"

"नाही. यातून फक्त पाण्याची पातळी कळते."

"मॅडम," संजय फार हळू आणि फार स्पष्ट म्हणाले, "मग दोन रविवार आपण काय करतोय?"

"तुम्ही सांगितलेलं करतोय! पाण्याचा आवाज येतो का आणि किती खाली आहे, एवढंच विचारलं होतंत तुम्ही! प्रश्न नीट वाचायला नको?" ती क्लासातल्या आवाजात ओरडली, आणि लहान मुलं फुग्यांसाठी रडायची थांबली.

आता सगळेच बोलू लागले. विहीर मुळात किती खोल आहे, हे आप्पासाहेबांना विचारा, असं कोणीतरी सुचवलं. आनंदीबाईंनी त्यांच्या कानात ओरडून विचारलं.

"धा परस!" आप्पासाहेब म्हणाले.

"परस म्हणजे?" संजयनी विचारलं.

"माणूस हात वर करून उभा ऱ्हायला की एक परस."

"कुठला माणूस?"

"मागच्या दिवाळीला आठ म्हणाले होते," आनंदीबाई म्हणाल्या. "दर सणाला विहीर वाढते आमची."

तेजस्विनी खाली स्लॅबवरच बसली. तिला घरी जाऊन दार लावून झोपायचं होतं. तेवढ्यात शेफालीने विचारलं, "संजयकाका, तुमची दोरी किती फुटांवर अडकली होती?"

"एकदा वीस, एकदा सव्वीस. एकदा तीसच्या आसपास."

"म्हणजे पाण्यापर्यंत पोचलीच नव्हती. तिन्ही वेळा." ती आईकडे वळली. "आई, आता पाणी कुठे आहे ते माहितीये. दोरी साडेसदतीसच्या आत थांबली तर ती अडकलीय. पुढे गेली तर ती पाण्यात आहे. जड काहीतरी बांधायचं, कोपऱ्यातून सोडायचं, आणि पार तळाला टेकेपर्यंत सोडत राहायचं. वर काढून ओला भाग मोजायचा."

तेजस्विनीने तिच्याकडे पाहिलं. हे इतकं साधं होतं की तिला हसावं की रडावं कळेना. पण ते साधं होण्यासाठी आधी तो साडेसदतीसचा आकडा हातात असावा लागत होता.

संजयच्या घरून व्यायामाचं डंबेल आलं. ते विकत घेतल्यापासून वापरलं गेलं नव्हतं, हे त्यांच्या बायकोने खिडकीतून सगळ्यांना सांगितलं. दोरीला डंबेल बांधून कोपऱ्यातून सोडलं. तीस फुटांच्या आसपास ते अडकलं. शेफालीने ओरडून सांगितलं, "कपार आहे, हलवा!" हलवल्यावर सुटलं. मग सरसर पुढे गेलं आणि एका जागी दोरी ढिली पडली. वर-खाली करून तीनदा पाहिलं. तिथेच टेकत होतं. संजयनी बोटाने खूण धरून दोरी ओढून घेतली. खालची दोरी निथळत होती.

टेपने मोजलं. तळ छप्पन्न फुटांवर. दोरी ओली व्हायला सुरुवात झाली सदतीसपाशी. खाली एकोणीस फूट पाणी होतं, आणि तेही भर उन्हाळ्यात.

"सदतीस," शेफाली टेपवर वाकून म्हणाली. "आपलं साडेसदतीस. एकोणचाळीस नाही आलं, आई!" मग भुवया आकसून, "पण अर्धा फूट कुठे गेला?"

"दोरीने थोडं पाणी वर शोषलं असेल," तेजस्विनी म्हणाली. "आणि थोडी नारळाला हवा लागली असेल."

शेफालीने मान वर करून तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि दोघी एकदम हसल्या. काय झालं ते इतर कोणाला कळलं नाही. संजय म्हणाले, "मग पहिल्याच दिवशी डंबेल का नाही बांधलं?"

*

माणसं पांगली. आप्पासाहेब मात्र खुर्चीवरून उठेनात. आनंदीबाईंनी दोनदा दंड धरला, तर त्यांनी झटकला.

"काय झालं?" तेजस्विनीने विचारलं.

"सगळ्यांनी ऐकलं म्हणे पाणी," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला कोरडेपणा या वेळी जरा विरला होता. "ह्यांना नाही आलं ऐकू. पुन्हा टाका म्हणतात. दुकानातले नारळ संपले, सांगितलं मी."

म्हातारा विहिरीच्या तोंडाकडे बघत होता. या विहिरीला पाणी लागलं तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता, असं तो मागच्या रविवारी कोणाला तरी सांगत होता, आणि ऐकणाऱ्याने मधेच फोन काढला होता. तेजस्विनीनेही तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. ती स्टॉपवॉच शोधत होती.

शेफाली त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. तिने आपले मोठे हेडफोन काढले, त्यांची टोपी जपून मागे सारली आणि कानांवर बसवले. आवाज पूर्ण वाढवला. "आजोबा, आधी फुगा फुटेल. मग ऐका."

आप्पासाहेब दचकले. तो फुगा असावा. मग त्यांचा चेहरा तसाच राहिला, तोंड किंचित उघडं. त्यांनी एक बोट वर केलं. पुन्हा.

शेफालीने पुन्हा लावलं. मग पुन्हा. सहाव्या का सातव्या वेळेनंतर त्यांनी हेडफोन एका हाताने घट्ट धरून ठेवले आणि दुसऱ्या हाताने आनंदीबाईंचा पदर ओढला.

"हाय गं," ते म्हणाले. ऐकू येत नसल्याने फार मोठ्याने म्हणाले, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं. "पाणी हाय!"

"मी ऐकलं," आनंदीबाई म्हणाल्या. "दोन रविवार ऐकतेय." आणि डोळ्यांना पदर लावून त्या लिफ्टकडे चालू लागल्या.

*

मीटिंगमध्ये पार्किंगचा ठराव पडला. स्लॅब फोडायला आलेल्या माणसाने आत वाकून पाहिलं आणि इथे कोणी नवस फेडला का, असं विचारलं, कारण पाण्यावर नारळच नारळ तरंगत होते. गाळ उपसला, मुळं छाटली, पंप बसला. पाणी पिण्याजोगं नव्हतं, पण बागेला आणि फ्लशला पुरू लागलं, आणि टँकर निम्म्यावर आले. संजयनी सोसायटीच्या ग्रुपवर निवेदन टाकलं की मॅडमनी वैज्ञानिक पद्धतीने विहिरीची खोली मोजून दिली. तेजस्विनीने लिहिलं, 'खोली नाही, पाण्याची पातळी. खोली दोरीने मोजली.' त्यावर अठरा अंगठे आले आणि पुढच्या निवेदनात पुन्हा खोलीच लिहिलेली होती.

आठवड्याच्या आत पहिली तक्रार आली: पंपाचा आवाज फार होतो. तक्रार पाणी मागणाऱ्या तटातूनच होती. संजय त्यासाठी पुन्हा तेजस्विनीच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, आवाज हा तुमचा विषय ना?"

तेजस्विनीने एक दीर्घ श्वास घेतला. आत शेफाली टेबलाशी वाकून लिहीत होती, डोकं वर न काढता तिने हाक मारली, "आई, काकांना सांग, आधी प्रश्न नीट लिहून आणा."

"ऐकलंत?" तेजस्विनी म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.